सहाव्या घरातून चौथ्यात

जनरेटर मी सांभाळतो. म्हणजे रात्रभर
पडद्यामागं डिझेलच्या कॅनवर बसून
कोणाचा तरी खून, कोणाचं तरी लग्न
नुसतं कानानं पाहतो.

गिटार इस्तारी ठेंगरीची.
एका खांद्यावर मफलर, दुसऱ्यावर पट्टा,
डावी करंगळी भातगिरणीत गेलेली.
दुपारी वडशाहून गाडी निघायच्या आत
तो मला अर्धा तास वाजवू देतो.
बदल्यात बिडीचा एक कट्टा.

पहिला महिना मी नुसता धावलो.
तारांवर वर-खाली,
शंकरपटात धुरकरी पडून गेलेली खाचर धावते तसा.
त्यानं अडवलं नाही. बिडी संपली तेव्हा म्हणाला,
"आता सांग बापू, यातला गाना कोनचा होता?"

मग माझं पहिलं बोट सहाव्या घरात आडवं टाकलं,
तिसरं आठव्यात, मधल्या तीन तारांवर झोपवलं.
या आकाराला करंगळी लागत नाही,
म्हणून त्याचा हा लाडका.
"हा मंडप," म्हणाला. "बाहेर जाऊ नोको.
अंदर कोन कोन हाये थे पाहून घे."

आत होता
दुसऱ्या तारेवर, त्या झोपलेल्या बोटाखालीच, गंधार.
दोन घरं मागं रिषभ, पहिल्या बोटाच्या राखणीत.
तिसऱ्या तारेवर सा.
आणि शेवटच्या बारीक तारेवर पंचम,
रुसून बाजेवर बसलेल्या जावयासारखा.
सगळे घरातच होते. मी त्यांना शोधत
नागभीडपर्यंत जाऊन आलो होतो.

मंडपाचं मला कळतं.
पौषात आम्ही रोज तोच ठोकतो,
धान कापलेल्या बांधीत, धसकटं उपटून:
तेच अठरा बांबू, तीच दोरी, तोच राजवाडा
ज्याच्या खिडकीवर लोमेशच्या पंजाचा ओला रंग वाळलाय.
काल कुरखेड्याजवळ, आज सिंदेवाहीच्या पलीकडं.
नायिका डावीकडून तिसऱ्या बांबूजवळूनच येते.
गाव कोणतं, हे तिला ठाऊक नसतं कधी कधी.
पण ती अंधारात चाचपडत नाही.

त्या रात्री हंसाबाईंचा गळा बसला
आणि इस्तारीची दाढ सुजली, गालात लिंबू धरल्यासारखी.
दोन वाजता, दुसऱ्या अंकात, तो मागं आला,
पट्टा माझ्या गळ्यात घातला
आणि स्वतः कॅनवर बसला.
"कारी दोन नाही. बाई कारी एक मांगते."

मला काळी एक येत नव्हती.
खरं म्हणजे काळी दोनही येत नव्हती,
एक मंडप येत होता.
तो उचलला, दोन घरं खाली आणला, ठोकला.
अंधारात माठावरचा पेला हाताला लागावा
तसा गंधार लागला. रिषभ. सा.
मग थांबलो, कारण बाईंना खोकला आला.
मग पंचम. तो जरा धरून ठेवला,
तोवर त्यांनी श्वास घेतला
आणि पुढची ओळ उचलली.

एवढंच. चार सूर.
पुढं चादरीत झोपलेलं पोरगं झोपलेलंच राहिलं.
कोणीतरी शेंगा फोडत होतं, तालाच्या जरा मागं.

इस्तारी लवंग चावत होता. म्हणाला,
"सा लवकर सोडला." आणि मग,
"डिझेल पाहून घे, आवाज बदलला त्याचा."

सकाळी बांबू उपटले.
जमिनीत अठरा भोकं,
माझ्या तिसऱ्या बोटावर तीन रेघा.
इस्तारी दाढ काढायला वडशाला गेला,
गिटार गाडीत, गाद्यांच्या मधे ठेवून.
आज रात्री कोणतं गाव
ते लोमेशनं अजून सांगितलं नव्हतं.